छताकडे बघणाऱ्या बाई

आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही, समोर ठेवलेल्या पोह्यांच्या बशीकडेही पाहिलं नाही. दारातच मान मागे टाकून त्यांनी छताकडे पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी एअर कंडिशनिंगच्या डक्टचा, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचा, एस्टिमेटर. दिवसभर छतांच्या उंचीतच माझा जीव असतो. "दोन मीटर सत्तर," मी म्हटलं.

"वाईट," बाई म्हणाल्या आणि बसल्या. मग पोहे खाल्ले. दोनदा मागून घेतले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत अल मनखूलला राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. आमची मुग्धा दहा वर्षांची होती आणि शाळेतल्या मैत्रिणीच्या नादानं करामातल्या एका हॉलमध्ये बाईंच्या क्लासला जायला लागली होती. बाई इटालियन, वय पंचेचाळिसाच्या आसपास. नवरा जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा, महिन्यातले पंधरा दिवस समुद्रावर. बाई तरुणपणी त्यांच्या देशाच्या संघातून रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळलेल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्यापैकी कोणी ते कधी वापरलंही नाही. मुली 'मिस' म्हणत, वॉचमन 'मॅडम' म्हणे, आम्ही मराठी लोक 'बाई' म्हणायचो.

हा खेळ मला तोवर ठाऊक नव्हता. संगीतावर हालचाली करायच्या, आणि त्या करताना चेंडू, रिंग, दोरी किंवा लांब रिबन हवेत फेकून पुन्हा झेलायची. वस्तू वर असेल तेवढ्या वेळात मुलीनं खाली गिरकी घ्यायची, लोळण घ्यायची. वस्तू जितकी वर, तितका खाली वेळ जास्त. म्हणून बाई छत बघत. कुणाच्याही घरी, दुकानात, दवाखान्यात शिरल्या की आधी वर बघायच्या. कारण कळल्यावर त्यात विक्षिप्त असं काही उरत नाही, पण कारण कळायला मला बरेच महिने लागले.

बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले होते. जिना चढताना फार त्रास नसे, उतरताना असे, म्हणून त्या जिना उलट्या उतरत. कठडा धरायचा, तोंड वरच्या दिशेला ठेवायचं आणि एकेक पायरी मागे जायचं. लिफ्ट होती, पण तिचं छत सव्वादोन मीटरवर, तेव्हा त्या तिच्यात पाऊल टाकत नसत. उलट्या उतरत असल्यामुळे त्यांचं तोंड दारातल्या यजमानांकडे असे आणि बोलणं चालू राही. आमच्याकडचा निरोप तीन मजले चालायचा. बायको वरून म्हणायची, "मॅडम, केअरफुल!" आणि खालून उत्तर यायचं, "उद्या मुग्धाला केळं द्या! चिप्स नाही! आणि लवकर झोपवा!" मुग्धाच्या खाण्याझोपण्याची आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहिती होती.

दुसरी सवय खांद्यांची. कुणी पोक काढून उभा दिसला की त्या मागून जायच्या, त्याचे दोन्ही खांदे धरून मागे ओढायच्या आणि पुढे चालू लागायच्या. ओळख असण्याची गरज नसे. आमच्या खालच्या किराणा दुकानातला मलयाळी म्हातारा त्यांना रस्त्यावर पाहिलं की गल्ला सोडून ताठ उभा राहायचा. आमच्या ऑफिसच्या पार्टीत त्यांनी माझ्या मॅनेजरचे खांदे ओढले. मॅनेजर पंजाबी, अंगानं आडवा. तो म्हणाला, "अरे, ये लेडी कौन है?" मी म्हटलं, "माझ्या मुलीच्या टीचर." तो संध्याकाळभर सरळ बसला होता.

बाईंनी मुलींना कधी 'छान' म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकच शब्द होता, 'अंकोरा'. म्हणजे पुन्हा. वाईट झालं तरी अंकोरा, बरं झालं तरी अंकोरा. सूर वेगळा असे आणि मुलींना तो कळे. मुग्धा घरी पोळी वाढून घेतानाही अंकोरा म्हणायची. आणि सगळ्या बापांना बाई 'बाबा' म्हणत. मुग्धा मला बाबा म्हणते हे त्यांनी ऐकलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. हॉलच्या दारात त्यांनी "बाबा!" म्हणून हाक मारली की चारपाच माणसं पुढे व्हायची. त्यात एक तमिळ गृहस्थ होते, तेही व्हायचे.

बायकांमध्ये त्या आधी लोकप्रिय झाल्या. संक्रांतीला हिनं हळदीकुंकू केलं आणि बाईंना बोलावलं. त्या आल्या, छत पाहिलं, खाली सतरंजीवर पाठ ताठ ठेवून बसल्या, कुंकू लावून घेतलं. हिनं ओटी भरली. बाईंनी ओटीतला नारळ उचलला, हातात एकदा फिरवून त्याचं वजन घेतलं, आणि उजवा हात लांब करून तो तळव्यावरून सोडला. नारळ मनगटावरून, कोपरावरून, खांद्यावरून, मानेमागून घरंगळत डाव्या तळहातावर जाऊन थांबला. शेंडीसकट.

"अहो, ओटीतला नारळ आहे तो!" आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या.

"चेंडूपेक्षा जड आहे," बाई म्हणाल्या. "पण प्रामाणिक आहे."

त्यानंतर तासभर मनखूलमधल्या चौदा बायका दंडांवरून नारळ सोडत होत्या. एक फुटला. त्याची खोबऱ्याची वडी दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेली.

आता त्यांच्या कारकिर्दीचं. मला आकडा लागतो. आकडा नसला की मला माणूस धूसर दिसतो. म्हणून मी एकदा विचारलं, "मॅडम, मोठ्या स्पर्धेत तुमचा नंबर कितवा आला होता?"

"सगळे भारतीय बाबा हे विचारतात," त्या म्हणाल्या. "आया विचारतात, जेवलात का."

"तरी पण?"

"चौथा."

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका वडिलांना त्यांनी अकरावा सांगितला. मी तिथेच उभा होतो. पुढे तमिळ गृहस्थांना नववा सांगितला. मी घरी हिला म्हटलं, "बाई खोटं बोलतात." ही म्हणाली, "बोलेनात का. मुलगी शिकतेय ना?" पण मला ते टोचत राहिलं. ज्या माणसाकडे एका गोष्टीचे तीन आकडे असतात त्याच्याकडे आपली मुलगी पाठवावी का, असा विचार मी खरोखर केला होता.

त्याच सुमारास शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवायचं नवं मशीन आलं आणि ते बसवायला इटलीहून एक फोरमन आला. पस्तिशीचा, अबोल माणूस. चहाच्या वेळी बोलायचं म्हणून मी सांगितलं की माझ्या मुलीच्या टीचर तुमच्याच देशाच्या. नाव सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"ती? इथे?"

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या लहानपणी तिचं चित्र बिस्किटांच्या डब्यावर असे. त्याची आई अजून त्या डब्यात बटणं ठेवते. देशाच्या संघातून बाहेर पडल्यावर दर उन्हाळ्यात ती गावोगाव फिरायची. तिकीट नाही, मंच नाही. गावच्या चौकात सतरंजी टाकायची, कर्णा लावायचा आणि सुरुवात करायची. चौकाला छत नसतं. तिचा चेंडू चर्चच्या घंटेच्या खिडकीपर्यंत जायचा आणि गाव खाली गप्प उभं असायचं. त्याच्या बहिणीनं तिच्यासारखे केस कापले म्हणून घरात मार खाल्ला होता.

"आणि नंबर? स्पर्धेत कितवी आली होती?"

"कसला नंबर?" तो जरा रागावलाच.

त्या मंगळवारी मी त्याला करामाच्या हॉलवर नेलं. तो दारातच थांबला, छातीवर हात ठेवून. सहीसाठी कागद नव्हता म्हणून त्यानं खिशातलं आमच्या कंपनीचं जॉब कार्ड पुढे केलं. बाईंनी त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सही केली, मग त्याचे खांदे धरले आणि मागे ओढले. तो तसाच ताठ जिना उतरला.

ही बातमी करामात पसरायला चार दिवस लागले. क्लासमध्ये सात मुली होत्या त्या एकोणीस झाल्या. गणपतीच्या कार्यक्रमाला बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. मखर पाहून त्या म्हणाल्या, "यांना तरी उंच जागा दिलीत."

मला मात्र राहवेना. मी विचारलंच, "मॅडम, चौथा, नववा की अकरावा?"

बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "चेंडूत चौथी. रिबनमध्ये अकरावी. सगळं मिळून नववी. बाबा, तुम्ही कशातला नंबर ते कधी विचारलंच नाही."

तिन्ही आकडे बरोबर होते. माझा प्रश्न अपुरा होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल शंका घेणं सोडून दिलं.

करामाचा हॉल तीन मीटर दहा सेंटिमीटर उंच होता. वर चार पंखे. एकदा एका मुलीची पाच मीटरची रिबन चालू पंख्यात गेली आणि बघता बघता पूर्ण गुंडाळली गेली. तेव्हापासून क्लासच्या वेळी पंखे बंद. बाईंनी मुलींचा खेळ त्या उंचीत बसवला. चेंडू छताला लागला तर पूर्ण हॉलला एक फेरी, असा दंड होता. वर्षभरात दंड जवळपास बंद झाला. चेंडू छताच्या वीतभर खालून परत फिरायचा, अगदी सांगितल्यासारखा. बघायला देखणं दिसायचं.

मग अबू धाबीत एका शाळेच्या मोठ्या सभागृहात मुलींची स्पर्धा झाली. बाईंनी पाच जणी निवडल्या, त्यात मुग्धा होती. आम्ही आईबाप बसनं गेलो. बावीस मुली होत्या. बऱ्याचशा रशियन, लेबनानी, इंग्रज. आमच्या पाच जणी अठराव्या ते बाविसाव्या आल्या. एकीनंही चेंडू पाडला नव्हता.

मी माझ्या डिजिटल घड्याळावर वेळ घेऊन कागदावर लिहीत बसलो होतो. इतर मुलींचा चेंडू हवेत दोन सेकंद राहत होता. आमच्या पाचही जणींचा सव्वा सेकंद. प्रत्येक वेळी. त्या सभागृहाचं छत दहा मीटरवर होतं आणि आमच्या मुली चेंडू तीन मीटरवरून परत बोलावत होत्या. वर काही नव्हतं. तरी त्या करामातल्या छताच्या वीतभर खाली थांबत होत्या.

परतीच्या बसमध्ये मी तो कागद बाईंना दाखवायला नको होता. पण आकडे हातात होते आणि मी दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. दुबईच्या अलीकडचे जबल अलीचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यांनी त्याची घडी घातली.

"बाबा, हे मी केलं," मग त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या हातात छत बसवलं."

"मॅडम, हॉलच तसा आहे."

"हॉल कुठलाही असेल. दंड मी ठेवला." आणि मग, "मी क्लास बंद करते."

मला वाटलं, रागात बोलल्या. पण मंगळवारी मुग्धा क्लासहून परत आली ती दप्तर न काढता खुर्चीत बसली. "मिस सेज शी इज स्टॉपिंग. बाबा, इट्स बिकॉज ऑफ युअर पेपर."

हिनं माझं ताट जरा जोरात ठेवलं. मुग्धा जेवली नाही. शाळेत सगळ्या स्पर्धांमध्ये मागे राहणारी, कुणाशी फारसं न बोलणारी आमची मुलगी वर्षभरात मान वर करून चालायला लागली होती, आणि ते मी एका कागदानं घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये टेप घेऊन उभा राहिलो. उंची मला माहीत होती, तरी मोजली. पत्र्याचं छत कडेला सात मीटर, मधोमध साडेआठ. दिवे सहा मीटरवर टांगलेले. मॅनेजरकडे गेलो.

"अरे भाई, डक्ट की वर्कशॉप में डान्स?"

"डान्स नाही साहेब, चेंडू. फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. मशीन झाकून ठेवीन, पत्र्यांच्या कडांना लाकूड लावीन. लिहून देतो."

"तू तो सब कुछ लिख के देता है," तो म्हणाला. मग खुर्चीत सरळ होत, "वही लेडी? कंधेवाली?"

"हो."

"ले जा, यार."

बाईंकडे मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार शुक्रवार. चौथ्या शुक्रवारपर्यंत एकीचा तरी चेंडू दिव्यांच्या वर गेला, तर क्लास चालू. नाही गेला, तर मी यांना शिकवायच्या लायक नाही. मग मला आग्रह करायचा नाही."

जानेवारी होता. पहिल्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोन व्हॅन करून शारजाला गेलो. एका प्रदर्शनातून काढून टाकलेला हिरवा गालिचा मी मिळवला होता, तो टाकला. बाई शटरमधून आत आल्या, वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मला उंची विचारली नाही. "चर्च," एवढंच म्हणाल्या आणि चपला काढल्या.

मुलींनी चेंडू फेकले. सव्वा सेकंद. पुन्हा फेकले. सव्वा सेकंद. बाईंनी डोळे मिटून फेकायला लावलं, धावत येऊन फेकायला लावलं, एका दिव्याला काठीनं लाल रुमाल अडकवून त्यावर नेम धरायला लावलं. अंकोरा, अंकोरा. दुसरा शुक्रवारही तसाच गेला. दंड नाही, छत नाही, तरी हात तीन मीटरवर सोडून देत. मुग्धा परतताना व्हॅनमध्ये स्वतःचा तळहात बघत बसली होती.

तिसऱ्या शुक्रवारी बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या सिझर लिफ्टकडे गेलं. डक्ट टांगताना माणसाला उचलणारा, कठडा असलेला तो एक पाळणा असतो.

"बाबा, हे यंत्र माणसाला वर नेतं?"

"नेतं. पण त्याला हेल्मेट लागतं, बेल्ट लागतो, खाली एक माणूस—"

"जा."

मी हेल्मेट घातलं, बेल्ट अडकवला, दोनदा तपासला. बाई हसत होत्या. मुग्धा तोंड झाकून म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट. एव्हरीवन इज वॉचिंग." मी वर गेलो. पाळणा चार मीटरवर थांबवला. हात वर केला तर तो सहा मीटरच्या जवळ जात होता. खाली बघितलं आणि लगेच कठडा धरला. हिनं खालून विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "हो." त्या दिवशी मी बोललेलं ते एकच खोटं, आणि त्यात आकडा नव्हता.

"मुग्धा," बाई म्हणाल्या, "बाबांना बॉल दे."

"ही इज टू हाय."

"मग वर दे."

पहिला चेंडू पाळण्याच्या तळाला लागला. दुसरा माझ्या बुटांवर. तिसरा लांब गेला. पाचवा गुडघ्यावर लागला. मुग्धाला आता लाज वाटत नव्हती, राग येत होता. "बाबा, यू हॅव टू कॅच!" ती ओरडली. सातवा चेंडू सरळ माझ्या छातीसमोर आला, तिथे क्षणभर थांबला आणि मी दोन्ही हातांनी तो धरला. कठडा सोडल्याचं मला नंतर कळलं. खाली तिचं तोंड होतं, पूर्ण वर उचललेलं. ती तान्ही होती आणि मी तिच्या पाळण्यात वाकून बघायचो, त्यानंतर ते असं पहिल्यांदाच दिसलं.

"माझे बाबा पण!" दुसरी एक मुलगी म्हणाली. मग रांगच लागली. एक बँकेतले अधिकारी कडक इस्त्रीच्या पँटनं वर गेले आणि पहिलाच चेंडू त्यांच्या चष्म्याला लागला. तमिळ गृहस्थ वर जाऊन देवाचं नाव घेत होते, पण झेल एकही सोडला नाही. एका मुलीचे वडील पांढरेफटक पडले, "मला चक्कर येते हो." त्यांच्या बायकोनं सलवार कमीजवर बेल्ट आवळला, हेल्मेट वेणीवर बसवलं आणि म्हणाली, "सरका." सगळ्यात उंच तीच गेली.

दुपारपर्यंत नऊ जणींनी आपापल्या माणसाकडे चेंडू पोचवला. मग बाईंनी पाळणा खाली घ्यायला लावला. "आता कोणी नाही. फेका." मुलींनी फेकले. तीन मीटर. फार तर साडेतीन.

बाईंनी एक बोट वर केलं. एकच शुक्रवार उरला होता.

चौथ्या शुक्रवारी सिझर लिफ्ट नव्हतीच. अबू धाबीच्या साइटवर गेली होती. मुलींनी नऊपासून साडेबारापर्यंत फेकलं. चार मीटर, सव्वाचार, पुन्हा तीन. दमून काही जणी भिंतीशी बसल्या. बाहेर मशिदीतली बांग झाली. शेजारच्या गॅरेजांतली माणसं धुतलेले कपडे घालून नमाजाला गेली. पाऊणपर्यंत कोणाच्याही चेंडूनं दिवे ओलांडले नव्हते. बाई वाकल्या आणि गालिच्याचं टोक उचलून गुंडाळायला लागल्या. मी पुढे झालो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. स्वतःच गुंडाळत राहिल्या, गुडघे दुखत असताना.

गालिचा अर्धा गुंडाळून झाला तरी मुग्धा त्याच्या उरलेल्या भागावर उभी होती. "मिस, वन मोअर."

बाईंनी वर पाहिलं नाही. गुंडाळी पुढे सरकत होती. मुग्धानं दोन पावलं मागे सरकून जागा केली, गुडघे वाकवले आणि फेकला.

पत्रा वाजला.

मोठ्यानं वाजला, डब्यासारखा. आम्ही सगळे वर बघत होतो, बाई सोडून. त्या तशाच वाकलेल्या, गालिचा हातात. "कोणाचा?" त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

सगळ्या मुली एकदम ओरडल्या. चेंडू पत्र्यावर आपटून कुठेतरी डक्टच्या ढिगामागे गेला होता. बाई उभ्या राहिल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज रोजचाच. "अंकोरा," त्या म्हणाल्या, आणि तो सूर मी आधी ऐकला नव्हता. मुग्धानं दुसरा चेंडू घेतला. तो दिव्यांच्या वर गेला, फिरला, आणि तिनं तो पोटाशी कसाबसा धरला. दोन सेकंदांना थोडा कमी. मग दुसरी मुलगी उठली. मग तिसरी. पत्रा चारदा वाजला. कोणी फेरी मारली नाही.

बाईंनी एक चेंडू उचलला आणि शटरबाहेर यार्डात गेल्या. आम्ही मागोमाग. बाहेर स्वच्छ ऊन होतं, उभे ट्रक, जुन्या टायरांचा ढीग. नमाजाहून माणसं परतत होती. पठाण मेकॅनिक, बंगाली वेल्डर, आमच्याच वर्कशॉपमधले दोन जण. बाईंनी पायाखालची जागा बघितली, हात खाली नेला आणि चेंडू सोडला. आवाज आला नाही. तो विजेच्या खांबाच्या वर गेला आणि जातच राहिला. तेवढ्यात बाई खाली बसल्या, एका हातावर स्वतःभोवती फिरल्या, उठल्या आणि पाठीमागे हात धरला. चेंडू त्या हातात आला. पुढे सरकणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली.

एक पठाण माझ्याजवळ आला. "साब, ये मैडम कौन हैं? बहुत मशहूर हैं क्या?"

"हां," मी म्हटलं. "बहुत."

"टीवी पे आती हैं?"

"आती थीं."

त्यानं वळून आपल्या भाषेत मागच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. मग मुलींनी चेंडू फेकले आणि त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बँकेतले अधिकारी हळूच म्हणाले, "एवढे पुरुष जमलेत, बरं दिसतं का?" हिनं त्यांना म्हटलं, "भाऊ, दोन-दोन वर्षं घरी गेले नाहीत ते. त्यांच्याही मुली असतील." आमच्या वर्कशॉपमधला एक वेल्डर तेवढ्यात म्हणत होता, "मेरी भी इतनी ही है." आणि हातानं उंची दाखवत होता.

क्लास त्यानंतर चार वर्षं चालला, शुक्रवारी शारजाला, मंगळवारी करामाला. मग बाईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या. मुग्धाला पदक कधी मिळालं नाही. चेंडूत तिचा सर्वांत चांगला नंबर सातवा. आता ती पुण्यात आर्किटेक्ट आहे आणि तिच्या खांद्यांना कुणाला हात लावावा लागत नाही.

पण मला आठवतो तो लगेच पुढचा शुक्रवार. आम्ही नेहमीप्रमाणे दोन व्हॅननी पोचलो. बंद शटरसमोर, यार्डात, टायर ओळीनं मांडून माणसं बसली होती. पुढच्या रांगेत म्हातारे, मागे तरुण, काही ट्रकच्या टपावर. सगळ्यांचे कपडे धुतलेले. मी मोजली. त्रेसष्ट.

बाईंनी काचेतून ते पाहिलं. व्हॅनच्या आरशात वाकून केस सारखे केले. तसं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग दार सरकवून त्या मुलींना म्हणाल्या, "यल्ला, चला. लोक थांबलेत."